दाताच्या खुर्चीतले पाणी

दाढ कोरायला सुरुवात झाली की तोंडात पाण्याचा बारीक फवारा उडू लागतो. मदतनीस सक्शनची नळी गालात धरून उभी असते, तरी थोडे पाणी जिभेखाली साचतेच. त्यातले थोडे गिळले जाते, थोडे धुक्यासारखे हवेत मिसळते आणि श्वासावाटे आत जाते, रुग्णाच्याही आणि त्याच्यावर वाकलेल्या डॉक्टरांच्याही. हत्यारे उकळली का, सुई नवी आहे का, हातमोजे बदलले का, हे आजकालचे रुग्ण लक्ष देऊन पाहतात. पाण्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. ते नितळ दिसते आणि त्याला वासही नसतो.

हे पाणी खुर्चीच्या बाटलीतून निघून दातापर्यंत पोहोचते तेव्हा वाटेत त्याचे बरेच काही झालेले असते. बाटलीत चांगले पाणी भरले तर दातावर चांगलेच पाणी पडेल, हा समज साहजिक आहे. पण तो खरा नाही. पाणी बिघडते ते बहुधा वाटेवरच्या नळीत. असे का होते आणि त्यावर काय करता येते, ते क्रमाने पाहू.

पाणी लागतेच कशाला?

दंतवैद्य ज्याला एअरोटर म्हणतात, ते दात कोरण्याचे यंत्र कॉम्प्रेसरच्या हवेवर चालते. त्याच्या डोक्यात एक इवलीशी टर्बाइन असते. दाबाची हवा तिच्या पात्यांवर आदळते आणि पुढे बसवलेली बर मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेते. या जातीची यंत्रे १९५७ पासून अमेरिकेत बाजारात आली आणि दंतवैद्यकाचा वेगच बदलून गेला. पूर्वी दात कोरायला जेवढा वेळ लागे, त्याच्या अंशभरात काम होऊ लागले.

पण वेगाबरोबर घर्षण आले आणि घर्षणाबरोबर उष्णता. दाताच्या आत जिवंत गर असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. झॅक आणि कोहेन या संशोधकांनी १९६५ साली माकडांच्या दातांवर प्रयोग करून दाखवले की गराचे तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढले, तर सुमारे १५ टक्के दातांतला गर पुन्हा सावरत नाही. म्हणून कोरताना बरच्या टोकावर सतत पाणी हवे. ते दात थंड ठेवते आणि कोरलेला चुराही वाहून नेते. दातांवरचा खडा काढणाऱ्या अल्ट्रासॉनिक स्केलरचे टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरते, त्यालाही पाणी लागते. हवा आणि पाणी दोन्ही देणारी थ्री-वे सिरिंज तर दर रुग्णाला दहादा वापरली जाते. थोडक्यात, पाण्यावाचून दाताची खुर्ची चालत नाही.

दोन मिलिमीटरच्या नळीचे गणित

या तिन्ही उपकरणांना पाणी पुरवणाऱ्या नळ्या प्लास्टिकच्या, बहुतेक वेळा पॉलियुरेथेनच्या असतात. त्यांचा आतला व्यास साधारण दोन मिलिमीटर. डॉक्टरांचा हात सहज फिरावा म्हणून त्या बारीक आणि लवचिक ठेवाव्या लागतात. सगळी गोम या बारीकपणात आहे.

हिशेब करून पाहू. दोन मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर नळीत मावते फक्त तीन मिलिलिटर पाणी. पण त्या नळीची आतली भिंत उलगडून पसरली तर ती भरते सुमारे ६३ चौरस सेंटीमीटर. म्हणजे दर मिलिलिटर पाण्याच्या वाट्याला २० चौरस सेंटीमीटर भिंत येते. रस्त्याखालून जाणाऱ्या १५ सेंटीमीटर व्यासाच्या जलवाहिनीत हेच प्रमाण एक चौरस सेंटीमीटरच्या जेमतेम पाव भाग असते. सुमारे पंचाहत्तर पटींचा फरक झाला. जिवाणूंना चिकटायला भिंत लागते आणि या नळीत भिंतच भिंत आहे.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. एअरोटर सुरू असताना मिनिटाला ४० मिलिलिटर पाणी जाते असे धरले, तर नळीत पाण्याचा वेग सेकंदाला वीसेक सेंटीमीटर येतो. इतक्या बारीक नळीत या वेगाने पाणी खळखळत नाही, संथ थरांनी सरकते. मधला थर पुढे पळतो आणि भिंतीलगतचा थर जवळजवळ जागेवरच राहतो. भिंतीला चिकटलेल्या जिवाणूला वाहून जाण्याची भीती फारशी उरत नाही, वर अन्नाचा पुरवठा मात्र चालू राहतो.

तिसरी गोष्ट थांबलेल्या पाण्याची. दवाखाना सात-आठ तास उघडा असला तरी त्यातला बराच वेळ तपासण्यात, एक्स-रे पाहण्यात, भूल चढण्याची वाट बघण्यात आणि सिमेंट सुकण्यात जातो. दुपारची सुट्टी, रात्र आणि रविवार धरले तर पाणी नळीत वाहण्यापेक्षा उभेच जास्त असते. खोलीच्या उबेत उभे राहिलेल्या पाण्यातला क्लोरीन काही काळाने संपतो आणि मग जिवाणूंना अडवायला कुणी उरत नाही.

थर कसा बसतो?

नव्या नळीतून पाणी गेले की पाण्यातले सेंद्रिय कण आधी भिंतीवर बसतात आणि एक अदृश्य लेप तयार होतो. त्यावर पाण्यातले मोजके जिवाणू टेकतात. सुरुवातीला ते सैल चिकटलेले असतात, धक्का बसला तर सुटतात. पण टिकले की ते स्वतःभोवती चिकट स्राव सोडू लागतात. हा स्राव मुख्यतः शर्करांच्या साखळ्यांचा आणि प्रथिनांचा असतो. त्यात जिवाणू रुततात, वाढतात, त्यांच्यावर आणखी जिवाणू येऊन बसतात. काही दिवसांत बुळबुळीत, अनेक जातींचा, आत पाण्याच्या वाटा असलेला एक थर तयार होतो. सूक्ष्मजीवशास्त्रात त्याला बायोफिल्म म्हणतात.

हा थर पुरेसा जाड झाला की त्याचे तुकडे सुटून पाण्यात येतात आणि एअरोटरच्या तोंडातून बाहेर पडतात. म्हणून बाटलीतल्या पाण्यात जिवाणू अगदी तुरळक असले तरी फवाऱ्यातल्या पाण्यात ते दर मिलिलिटरला लाखांनी सापडू शकतात. अगदी नव्या कोऱ्या युनिटमध्येही हे व्हायला महिने लागत नाहीत, काही दिवस पुरतात.

दंतवैद्यांना हा प्रकार वेगळ्या वेषात चांगला ओळखीचा आहे. दातांवर साचणारे प्लाक हीसुद्धा बायोफिल्मच. डच संशोधक लेवेनहूक यांनी १६८३ साली आपल्याच दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली धरून त्यातले वळवळणारे जीव लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते. तो थर चूळ भरून जात नाही, घासूनच काढावा लागतो, हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. नळीतल्या थराचीही गत तीच; फरक एवढाच की तिथे ब्रश जात नाही.

या थराला औषधही सहज दाद देत नाही. क्लोरीनसारखी रसायने चिकट स्रावाशीच भिडून वरच्या वर खर्ची पडतात आणि खालच्या जिवाणूंपर्यंत पोहोचतात ती फार क्षीण होऊन. शिवाय तळाचे जिवाणू मंदगतीने जगत असतात, त्यामुळेही त्यांच्यावर औषधाचा मारा कमी लागू पडतो.

नळीत कोण कोण राहते?

बहुतेक रहिवासी निरुपद्रवी, पाण्यात आणि मातीत एरवीही आढळणारे जिवाणू असतात. धडधाकट माणसाच्या पोटात ते गेले तरी सहसा काही बिघडत नाही. पण त्यांच्यात तीन पाहुणे असे असतात की त्यांच्याकडे काणाडोळा करता येत नाही.

पहिला सुडोमोनास एरुजिनोसा. ओल्या जागी कुठेही तग धरणारा हा जिवाणू प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाच्या जखमेत शिरला तर हट्टी संसर्ग करतो आणि पुष्कळशा प्रतिजैविकांना जुमानत नाही.

दुसरा लीजिओनेला. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या संमेलनात न्यूमोनियाची जी साथ आली, तिच्या तपासातून हा जिवाणू हाती लागला. तो गिळल्याने सहसा त्रास होत नाही. बारीक तुषारांबरोबर फुप्फुसात गेला की धोका. एअरोटर आणि स्केलर नेमके असेच तुषार तयार करतात. लीजिओनेला कोमट पाण्यात जोमाने वाढतो. बायोफिल्मवर चरणाऱ्या अमिबाच्या पोटातही तो मुक्काम करतो आणि तिथे त्याला क्लोरीनपासून आसरा मिळतो.

तिसरा गट क्षयरोगाच्या जंतूच्या भाऊबंदांचा, मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस आणि त्याच्यासारख्यांचा. यांचे कवच मेणचट असते. त्यामुळे नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला ते पुरून उरतात. त्यांचा संसर्ग हळूहळू वाढतो आणि औषधोपचार महिनोन्‌महिने चालतो.

याशिवाय आणखी एक वाट आहे. एअरोटर बंद होताना टर्बाइन थांबते आणि त्या क्षणी तोंडातली लाळ, रक्त यांचा अंश यंत्रात उलटा ओढला जाऊ शकतो. तो पुढच्या रुग्णापर्यंत जाऊ नये म्हणून खुर्चीत उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह असतो. पण तो झिजतो, त्यामुळे त्याची तपासणी ठरलेल्या मुदतीत करावी लागते.

नोंदलेली प्रकरणे

दंतउपकरणांच्या पाण्यात जिवाणू असतात, हे ब्रिटनमध्ये १९६३ सालीच छापून आले होते. पण पाणी आणि आजार यांचा धागा जुळायला वेळ लागला. १९८७ साली तिथेच दोन रुग्णांची नोंद झाली. दोघांचीही प्रतिकारशक्ती कमी होती आणि उपचारानंतर दोघांनाही सुडोमोनासचे गळू झाले. जंतू खुर्चीच्या पाण्यातल्या जंतूशी जुळले.

फेब्रुवारी २०११ मध्ये इटलीत ८२ वर्षांच्या एका बाईंना लीजिओनेलाचा न्यूमोनिया झाला आणि त्या दगावल्या. आजारपणाआधीच्या दिवसांत त्या घराबाहेर पडल्या होत्या त्या फक्त दंतवैद्याकडे जायला. त्यांच्या घरच्या पाण्यात लीजिओनेला मिळाला नाही. दवाखान्यातल्या खुर्चीच्या पाण्यात मिळाला आणि जनुकीय तपासणीत तो त्यांच्या फुप्फुसातल्या जंतूशी जुळला. २०१२ साली ‘लॅन्सेट’ने हे प्रकरण प्रसिद्ध केले.

सर्वांत बोलकी उदाहरणे मुलांची आहेत. दुधाच्या दाढेची कीड गरापर्यंत गेली की गराचा वरचा भाग काढून, आत औषध भरून, वरून टोपी बसवतात. या उपचाराला पल्पोटॉमी म्हणतात. २०१५ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या मुलांच्या एका दंतचिकित्सालयात हा उपचार घेतलेल्या मुलांना काही आठवड्यांनी जबड्याला सूज आणि मानेला गाठी येऊ लागल्या. कारण निघाले मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस. तपासात तिथल्या सातही खुर्च्यांच्या पाण्यात दर मिलिलिटरला सरासरी ९१,३३३ जिवाणू-वसाहती आढळल्या. तिथे नळाचेच पाणी वापरत होते, ते तपासत नव्हते आणि खुर्ची बनवणाऱ्यांनी सांगितलेले रोजचे निर्जंतुकीकरणही होत नव्हते. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये असेच घडले आणि तिथे सत्तराहून अधिक मुले बाधित झाली. काहींचे दात आणि जबड्याच्या हाडाचा भागही काढावा लागला.

पल्पोटॉमीतच असे का व्हावे? दूषित पाणी थेट उघड्या गरावर पडते आणि त्यावर लगेच टोपी बसते. जंतू आत कोंडला जातो. तोंडात लाळ सतत वाहून जंतू धुऊन काढते, ती सोय इथे उरत नाही.

या सगळ्या प्रकरणांत घाबरून जाण्यासारखे काही नाही. जगभरात रोज होणाऱ्या दंतोपचारांच्या मानाने अशा नोंदी अगदी थोड्या आहेत. पण यातला प्रत्येक आजार टाळता येण्यासारखा होता, हेही तितकेच खरे.

किती जिवाणू चालतील?

पाण्यातल्या जिवाणूंची मोजणी दर मिलिलिटरला किती वसाहती उगवतात यावरून होते. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेने २००३ साली साध्या दंतोपचारांसाठी पाण्यात ५०० पेक्षा जास्त वसाहती नसाव्यात असे सांगितले. तिथल्या पिण्याच्या पाण्यासाठीही हाच आकडा आहे. तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेने त्याआधी, १९९५ मध्ये, २०० चे ध्येय ठेवले होते. हाड कापणे, अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढणे, इम्प्लांट बसवणे अशा कामांना हा हिशेब लागू नाही. तिथे निर्जंतुक पाणी किंवा सलाइनच हवे.

मोजणीतही एक मेख आहे. रुग्णाच्या शरीरातले जंतू वाढवायला प्रयोगशाळेत पोषक माध्यम आणि ३७ अंश उष्णता वापरतात. नळीतले जिवाणू तुटपुंज्या अन्नावर, खोलीच्या तापमानाला जगायला सरावलेले असतात. त्यांना असा शाही पाहुणचार मानवत नाही आणि ते उगवतच नाहीत. अहवाल चांगला येतो आणि सगळ्यांची फसगत होते. म्हणून या तपासणीसाठी आर-टू-ए नावाचे कमी अन्नाचे माध्यम घेतात आणि नमुना खोलीच्या तापमानाला सात दिवस ठेवतात. नमुना पाठवताना प्रयोगशाळेला हे स्पष्ट सांगणे गरजेचे असते.

पाणी बदलून का भागत नाही?

आपल्याकडे नळाच्या पाण्यात टीसीएल पावडरचा क्लोरीन असतो आणि गावोगावी ओटी टेस्ट करून तो पाहतात. भारतीय मानकानुसार निर्जंतुक केलेल्या पाण्यात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा लागतो. पण इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत, उन्हात तापून, तो आणखी कमी होतो. म्हणून पुष्कळ दवाखाने खुर्चीच्या बाटलीत आरओचे किंवा जारचे पाणी भरतात. क्षारांचे खडे नळीत बसू नयेत यासाठी ते उपयोगाचेच आहे. पण आरओच्या यंत्रात क्लोरीनही गाळला जातो. पाणी मऊ होते, पण त्याचे रक्षण करणारे त्यात काही उरत नाही. असे पाणी बुळबुळीत नळीत शिरले की जिवाणूंना मोकळे रान मिळते.

मग बाटलीत निर्जंतुक पाणीच भरले तर? तेही नळीतूनच जाणार. एक मीटरचा थर ओलांडून ते दातावर पडेपर्यंत निर्जंतुक राहत नाही. शस्त्रक्रियेला वेगळी, निर्जंतुक करता येणारी किंवा एकदाच वापरायची नळी लागते, ती यासाठी. साधी निर्जंतुक सिरिंजही चालते.

दोन रुग्णांमध्ये वीस-तीस सेकंद पाणी सोडून द्यावे असे सांगतात. ते जरूर करावे. त्याने आधीच्या रुग्णाच्या तोंडातून ओढले गेलेले बाहेर पडते आणि उभे राहिलेले पाणी निघून जाते. भिंतीवरचा थर मात्र जागचा हलत नाही, त्यामुळे थोड्या वेळात आकडा पुन्हा चढतो.

नळी सांभाळायची कशी?

नळीची निगा दोन टप्प्यांत होते. आधी जुना थर उखडायचा, मग नवा बसू द्यायचा नाही. थर उखडायला हायड्रोजन पेरॉक्साइड, क्लोरीन डायऑक्साइड किंवा तत्सम रसायनाचे जास्त तीव्रतेचे द्रावण ठरावीक वेळ नळीत भरून ठेवतात आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुतात. हे काम रुग्ण नसताना करायचे. त्यानंतर रोजच्या पाण्यात त्याच किंवा दुसऱ्या रसायनाचे सौम्य प्रमाण सतत ठेवतात. त्यासाठी गोळ्या आणि बाटलीच्या नळीला लावायची कार्ट्रिजेसही मिळतात. एक टप्पा केला आणि दुसरा सोडला तर पहिल्याचे श्रम वाया जातात.

रसायन खुर्ची बनवणाऱ्यांनी मान्य केलेलेच घ्यावे. तीव्र ब्लीचने धातूचे भाग गंजतात, रबरी वायसर कडक होतात आणि काही द्रावणांचा अंश दातावर राहिला तर फिलिंगची पकडही कमी होऊ शकते.

बाकीची शिस्त साधी आहे. सकाळी काम सुरू करण्याआधी सगळ्या नळ्यांतून दोन मिनिटे पाणी सोडावे. संध्याकाळी बाटली काढून, रिकामी करून, उलटी वाळत ठेवावी. बाटलीच्या आतल्या नळीला उघड्या हाताने स्पर्श करू नये. दर रुग्णानंतर एअरोटर ऑटोक्लेव्ह करावा. रुग्णाला बरे वाटावे म्हणून पाणी कोमट करण्याची सोय असेल तर ती बंद ठेवावी, कारण कोमट पाण्यात जंतू फोफावतात. आणि ठरावीक काळाने दर खुर्चीचा नमुना तपासावा, कारण सगळे नियम पाळले तरी ते लागू पडले की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही.

तपासणीत आकडा जास्त आला तर पाणी बदलण्यात वेळ घालवू नये. थर उखडण्याचा टप्पा पुन्हा करावा आणि परत नमुना पाठवावा. तरीही आकडा उतरला नाही तर नळ्याच बदलाव्यात.

रुग्णाने काय विचारावे?

बहुतेकांनी डॉक्टरांना एवढेच विचारले तरी पुरे: ‘खुर्चीच्या नळ्या कशाने आणि किती दिवसांनी साफ करता? पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली?’ शस्त्रक्रिया असेल तर ‘पाणी वेगळ्या निर्जंतुक नळीतून येणार ना?’ हेही विचारावे. केमोथेरपी सुरू असलेल्यांनी, अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी, स्टेरॉइड घेणाऱ्यांनी, फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी आणि अगदी वृद्धांनी आपली स्थिती डॉक्टरांना आधीच सांगावी. मुलाच्या दाढेवर उपचार झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही, हिरडीला सूज किंवा मानेत गाठ आली तर ‘तो उपचार तर कधीच झाला’ म्हणून सोडून न देता ती दाखवावी आणि उपचाराची तारीख सांगावी.

या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. त्या तुषारात तो आणि त्याचे मदतनीस रोज तासन्‌तास उभे असतात. पाणी स्वच्छ राहण्यात त्यांचा स्वार्थ आपल्याहून मोठा आहे.